पाकिटातली चिंधी

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

अक्षर ओळखून तू हे पाकीट खिडकीत ठेवून देशील आणि चार दिवसांनी धूळ पुसताना उघडशील. चालेल. सहा वर्षं तुझ्या उत्तराशिवाय काढली, आणखी चार दिवसांनी काही बिघडत नाही.

बातमी एवढीच, की तू दिलेलं कापड मी आज कापलं. तेच, गर्द निळं, एका बाजूला बारीक लव असलेलं. पाठ कापून झाली. रेघ कुठंही सोडली नाही.

कारणही सांगते. चौकापलीकडच्या कोट शिवणाऱ्या मोठ्या दुकानाला कापणारं माणूस हवं आहे. माझ्या दुकानासमोर घड्याळं दुरुस्त करणारे काका बसतात ना, त्यांनी तिथल्या दारावरची सूचना वाचली आणि पाठ करून मला म्हणून दाखवली. स्वतः कापून स्वतः शिवलेला एक कोट, तोही दुसऱ्या कुणाच्या मापाचा, पंधरा मार्चला सकाळी दहा वाजता घेऊन हजर राहावे. दुसरं माप कुणाचं घेणार? बाबांची मापांची वही काढली तर त्यात तुझं पान निघालं. छाती छत्तीस, बाही बावीस, आणि खाली बाबांच्या बारीक अक्षरात, ‘उजवा खांदा जरा खाली.’ दवाखान्यात पेशंट उचलून उचलून तुझा खांदा उतरलाय, हे आपल्या घरात सगळ्यात आधी त्यांनाच दिसलं होतं.

मी सत्तेचाळीस वर्षांची झाले, ताई. सत्तावीस वर्षं लोकांच्या पँटी आखूड करते आहे आणि चेनी बदलते आहे. एकदा तरी कोरं कापड समोर घ्यायचं आणि त्याचा कोट करायचा, एवढंच मला हवं आहे. हे मोठ्यानं बोलायची लाज वाटते म्हणून लिहून सांगते.

धाकटी


५ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

परवाचं पत्र खोटं होतं.

पाठ कापलेली नाही. कापड अजून त्याच खाकी कागदात आहे, वरची सुतळीसुद्धा सुटलेली नाही. मी पत्र आधी लिहिलं, कारण वाटलं, तुला एकदा कळवून टाकलं की मग झक मारत कापावं लागेल. पाकीट टेबलावर ठेवून कात्री घ्यायला वळले, तेवढ्यात काका पोस्टात निघाले होते, ते माझंही घेऊन गेले. मी त्यांना हाक मारली नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, की कळवायचं झालं आणि कापायचं राहिलं.

तुझ्याशी मी हे पाच वर्षं केलं आहे. कापड दिलंस त्याच्या दुसऱ्याच महिन्यात मी लिहिलं, कोट झाला. मग त्याला बटणं लावली, आतून राखाडी अस्तर घातलं, तो घालून एका लग्नाला गेले, तिथं चारजणींनी विचारलं कुणी शिवला म्हणून. एका पत्रात तर त्या कोटावर चहा सांडला आणि डाग कसा काढला तेही सविस्तर कळवलं. नसलेल्या कोटावर इतकी मेहनत घेणारी शिंपीण जगात दुसरी नसेल.

बाबा गेले तेव्हा तू आलीस. अंगात त्याच ताग्यातला तुझा कोट होता, कोपरांवर विटलेला. पाहुण्यांसाठी चादर काढायला तू कपाट उघडलंस आणि चादरीबरोबर माझं कापड हातात आलं. तू काय म्हणालीस ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

“खोटं बोललीस याचा राग नाही गं. पण मी तिकडे सगळ्यांना सांगत फिरले, की माझी बहीण आता स्वतः कापते.”

मग तू पाहुण्यांना चादर घातलीस, पुढचे चार दिवस घरातलं सगळं पाहिलंस आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता निघून गेलीस. मला वाटलं होतं तू चिडशील, भांडशील, मग मीही दोन शब्द ऐकवीन. तू ती सोयच ठेवली नाहीस.

म्हणून आता कानाला खडा. यापुढं चिंधी असल्याशिवाय पत्र नाही. जो भाग कापीन त्याच्या कडेची चिंधी पाकिटात घालीन. चिंधी नसेल तर न वाचता फाडून टाक. आजच्या पाकिटात नाही, पण हा कबुलीजबाब आहे, एवढं एक चालवून घे.

तू म्हणायचीस तशी,
उद्याबाई


११ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

आधी चिंधी बघ. लव वर करून उजेडात धर. ही पाठीची आहे, मानेजवळची.

सहा दिवस लागले. गुरुवारी मी मोठी शक्कल लढवली. कापड टेबलावर सगळं पसरून ठेवलं, म्हणजे ते कापल्याशिवाय दुसरं काहीच करता येऊ नये. दुपारपर्यंत मी तीन पँटी मांडीवर घेऊन दुमडल्या. शुक्रवारी शटर अर्धं ओढून घेतलं आणि काकांना सांगितलं, आज कुणाला आत सोडू नका. त्यांनी बिचाऱ्यांनी खरंच कुणाला सोडलं नाही. मी मशीनला तेल घातलं, सुया आकाराप्रमाणे लावल्या, बटणांचे डबे पुसले. इतकं स्वच्छ दुकान बाबांच्या वेळीही नव्हतं. शनिवारी खडूनं आखलं आणि रविवारी ते पुसून पुन्हा आखलं. काल काकांनी विचारलं, ‘कापलं का?’ मी म्हटलं, ‘आखलंय.’ ते म्हणाले, ‘ते परवाही आखलं होतं.’

आज सकाळी मी स्वतःला सांगितलं, की आपल्याला कोट कापायचाच नाही. मानेपासून खांद्याकडे चार बोटं कापायची आणि चहा प्यायचा. तेवढं तर कुणीही करील. चार बोटं कापली. आणि मग कळलं, की चार बोटं कापलेलं कापड तसंच सोडता येत नाही, ते डोळ्यांना बोचतं. चहा प्यायला दहा वाजले, तोवर अख्खी पाठ टेबलावर वेगळी झाली होती. मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. सडकून भूक मात्र लागली.

तुला आठवतं, मी एकोणीस वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय आखूड कापले होते? बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातली कात्री हळूच काढून घेतली आणि म्हणाले, ‘राहू दे, मी कापतो.’ त्या दिवसापासून ते कापायचे आणि मी शिवायची. फार मायेनं म्हणाले होते, म्हणून तर ते इतकं खोल जाऊन बसलं. बाबा नसतानाही कात्री उचलली की कानात तेच यायचं, राहू दे.

हे तुझ्याखेरीज कुणालाही दिसलं नव्हतं. कापड देताना तू मला दाराशी गाठून हळूच सांगितलंस, “बाबांना दाखवू नकोस, नाहीतर ते कापून देतील.” अकरा वर्षं झाली. त्या वाक्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते, ताई. मनापासून मानते.

धाकटी


२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

पाकीट जाड लागतंय ना? सहा चिंध्या आहेत. पुढचे दोन भाग, कॉलर, खिशांची दोन झाकणं, आणि एक नुसतीच, तिचा आकार मला आवडला म्हणून घातली.

आता रोज सकाळी आठला एक भाग, त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही. काकांनी कुणाचं तरी न्यायचं राहून गेलेलं गजराचं घड्याळ दुरुस्त करून माझ्या टेबलावर आणून ठेवलं आहे. आठला ते असं कोकलतं, की पलीकडची भाजीवालीसुद्धा विचारते, ‘आज काय कापणार?’ मला उठवायला सगळी गल्ली लागली, याची आधी लाज वाटायची. आता वाटतं, एवढी माणसं आपल्या कोटाची चौकशी करतात, हे भाग्यच म्हणायचं.

काका फक्त एका गोष्टीवर कुरकुरतात. त्यांनी बाबांना पंचवीस वर्षं कापताना पाहिलंय. बाबा कापडाची घडी घालून डावा-उजवा भाग एकदम कापायचे, मग मी एकेक सुटा का कापते? मी त्यांना सांगितलं, घडीवर कात्री चुकली तर एका फटक्यात दोन भाग वाया जातात. एकेक कापलं तर एकच जाईल. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्यासारखी नव्हती. असो. मला एवढंच झेपतं आणि एवढं झेपतंय याचाच आनंद आहे. उद्यापासून बाह्या.

आणखी एक. शेजारची एक बाई काल टेबलावरचे भाग बघून म्हणाली, ‘कुणाचा कोट?’ मी म्हटलं, बहिणीचा. बऱ्याच वर्षांनी तुझा उल्लेख करताना माझा आवाज नेहमीसारखा निघाला.

धाकटी


२५ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

चिंधी घातली आहे, म्हणून हे पत्र नियमात बसतं. ती दुसऱ्या बाहीची आहे. दुसऱ्या डाव्या बाहीची.

हो. दोन डाव्या बाह्या कापल्या मी. शुक्रवारी एक कापली आणि शनिवारी एक. पुढचे भाग कापताना मी घाबरून प्रत्येकावर खडूनं ‘डा’ आणि ‘उ’ लिहिलं होतं. बाह्यांपर्यंत आले तेव्हा भीती गेली होती, गुणगुणत कापत होते. दोन्ही दिवस कापडाची लव वर करून कागदी साचा न उलटता एकसारखाच ठेवला. साधं कापड असतं तर एक बाही उलटी करून भागलं असतं, पण याची लव एकाच बाजूला. काल कच्चा टाका घालायला बसले आणि उजव्या खांद्याला बाही लावली, तर तिचा कोपराचा बाक पुढं यायच्याऐवजी मागं गेला. दोनदा फिरवून बघितली. मग लक्षात आलं.

घडी घालून कापलं असतं तर हे घडणंच शक्य नव्हतं. घडीत एक डावी आणि एक उजवी आपोआप निघते, शिकाऊ माणसाचीही. म्हणजे मी इतकी जपून वागले, की नेमकी त्यामुळेच चुकले. काकांनी गजर बंद करून ठेवला. उरलेल्या कापडातून एखादी टोपी निघेल, बाही निघणार नाही. अकरा वर्षांपूर्वीचं कापड आता बाजारात कुठं मिळणार? दोन दुकानांत चिंधी दाखवून आले, दोघांनी हसून परत केली.

पंधरा मार्चचं आता राहिलं. तुला वाटेल ही पुन्हा टाळते आहे, म्हणून चिंधी पाठवली. या खेपेला मी टाळलं नाही, ताई. या खेपेला मी कापलं आणि चुकले. दोन्हींतला फरक तुझ्याइतका कुणाला कळणार नाही, आणि विचित्र वाटेल, पण तो फरक मला मिळाला याबद्दलही मी तुझीच ऋणी आहे. पँटचे पाय आखूड झाले त्या दिवशी मी कात्री सोडली होती. आज सकाळी मी त्याच कात्रीनं कॉलरचं अस्तर कापलं. बाहीशिवायचा कोट का असेना, तो पुरा करणार आहे.

धाकटी


६ मार्च, गुरुवार

ताई,

पार्सल मिळालं.

पोस्टमननं सही घेतली तेव्हा मला वाटलं, गिऱ्हाइकानं काही पाठवलंय. वरचं अक्षर पाहिलं आणि मी खालीच बसले. काकांनी समोरून बघितलं आणि पाणी घेऊन धावत आले.

तू अख्खा कोट उसवलास. पाठीचे दोन भाग, पुढचे दोन, बाह्या, सगळं इस्त्री करून एकावर एक, प्रत्येक भागाला कागदाची चिठ्ठी टाचलेली. कुठंही धागा ओढलेला नाही, कापडाला एक भोक वाढलेलं नाही. इतकं नीट उसवलेलं मी या धंद्यातल्या माणसाकडूनही पाहिलं नाही. आणि वर तुझी चिठ्ठी, सहा वर्षांनंतरची. ती मी इथं पुन्हा लिहून काढते, कारण ती लिहिताना मला बरं वाटतं.

“तुझ्या चिंध्या माझ्या कोटाला लावून पाहिल्या. तेच कापड आहे. बाह्या कोपरांवर विरल्या आहेत, पण पाठीतून एक बाही निघेल. टाके काढणं माझं रोजचंच काम, त्यामुळे फार वेळ गेला नाही. नीट बघून उजवी काप.”

मी ती काकांना वाचून दाखवली. ते शेवटच्या वाक्याला इतके हसले, की डोळ्याला लावायचं त्यांचं भिंग खाली पडलं. मग मी हसले आणि मग जे अकरा तारखेला आलं नव्हतं ते रडू आलं, चांगलं दहा मिनिटं.

मला माहीत आहे, तू प्रत्येक चिंधी लावून पाहिलीस म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवायला तू तयार नव्हतीस. तसं करायचा तुला पुरेपूर हक्क होता. पण तू लावून पाहिलीस, नुसती फेकून दिली नाहीस. याहून जास्त मी तुझ्याकडे कधी मागितलं नसतं.

तुझ्या पाठीचं कापड माझ्यापेक्षा दोन छटा फिकं झालंय. अकरा वर्षं तू ते घातलंस, उन्हातून, रात्रपाळीतून. मी माझं अंधारात ठेवलं म्हणून ते नवं राहिलं. दोन्ही शेजारी ठेवली की सगळं दिसतं, सांगावं लागत नाही. बाही वेगळी दिसणार. दिसू दे.

आज उजवी कापली. तीन वेळा बघून. चिंधी घातली आहे, फिकी आहे ती तुझीच.

धाकटी


१६ मार्च, रविवार

ताई,

काल दहाला पाच मिनिटं असताना पोचले. बरोबर बाबांची कात्री घेतली होती, गरज नव्हती तरी. माझ्याखेरीज तिघेजण होते, तिघेही पुरुष, तिघांचे कोट माझ्यापेक्षा चकचकीत. माझं धाबं दणाणलं. मागच्या मागे निघून यावं असं वाटलं, पण काका दारापर्यंत सोडायला आले होते आणि बाहेर पायरीवर बसून होते. त्यांना ओलांडून पळणं जमलं नसतं.

तिथले मास्तर सत्तरीचे असतील, गळ्यात टेप, बोलणं अगदी थोडं. त्यांनी माझा कोट हातात घेतला आणि आधी उलटा केला. आतले टाके बघितले. मग सुलटा करून उजवी बाही खिडकीशी नेली आणि विचारलं, ही वेगळी का? तोंडावर एक सोपं उत्तर आलं होतं, की तशी फॅशन आहे. ते मी गिळलं आणि सगळं सांगितलं. नसलेला कोट, चिंध्या, दोन डाव्या बाह्या, तुझं पार्सल. सांगायला फार वेळ लागला असावा, कारण त्या तिघांपैकी एकजण खुर्चीवर बसला.

मास्तरांनी कोट पुन्हा टेबलावर ठेवला. उजव्या बाहीचं टोक दाखवून म्हणाले, इथं कच्चा टाका का? मी म्हटलं, ज्यांचा कोट आहे त्या अजून आल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली. मग टेबलावर राखाडी कापडाचा तुकडा पसरला, एका गिऱ्हाइकाचा, लव असलेला. वर कागदी साचा ठेवला.

“बाई, दोन बाह्या कापा,” ते म्हणाले. “माझ्यासमोर.”

परक्या माणसाचं कापड, ताई. एकोणीस वर्षांची असताना होतं तसंच. कात्री उचलली आणि कानात ते आलंच, राहू दे. मी पाणी मागितलं. पाणी पिऊन कापडाची घडी घातली, लव आत, कडा जुळवल्या, हातानं सारखं केलं. मनात म्हटलं, आधी चार बोटं. आणि कापलं. घडीवर, दोन्ही एकदम, मधे न थांबता. उलगडून टेबलावर ठेवल्या. एक डावी होती आणि एक उजवी.

मास्तरांनी दोन्ही उचलून ताडून पाहिल्या आणि म्हणाले, सोमवारी नऊला या. एवढंच. काकांना बाहेर येऊन सांगितलं तर त्यांनी खिशातलं घड्याळ काढून वेळ पाहिली, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि म्हणाले, तुझ्या बाबांना आवडलं असतं. मला वाटतं, आवडलं असतं. पण पहिल्यांदा तुला सांगावंसं वाटलं, कारण कापायला तू सांगितलं होतंस.

या पाकिटातली चिंधी राखाडी आहे. मास्तरांना विचारून आणली.

तुझा कोट इथं दुकानात टांगला आहे. डावी बाही गर्द, उजवी फिकी, अस्तर राखाडी, त्या खोट्या कोटाला घातलं होतं तसंच. बटणं लावली आहेत. तू तिकडे स्वतःचा कोट उसवून बसली आहेस, त्यामुळे हा तुझ्याशिवाय कुणाचा असणार? फक्त उजव्या बाहीच्या टोकाचा कच्च्या टाक्याचा पांढरा धागा मी काढलेला नाही. वहीतलं माप अकरा वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हापासून तू किती माणसं उचललीस आणि तो खांदा आणखी किती उतरला, ते मला माहीत नाही. आणि बाहीची लांबी अंगावर चढवल्याशिवाय कुणालाच पक्की करता येत नाही, बाबांनाही आली नसती.

ट्रायलला कधी येतेस ते कळव.

तुझी बहीण, जी आता कापते